धारचुल्याचं परमिट: आदी कैलासला जाण्याआधी

तिबेटच्या सीमेजवळच्या आदी कैलास आणि ओम पर्वत या शिखरांकडे जायला पासपोर्ट लागत नाही, पण वाटेतल्या छियालेखच्या पुढे भारतीय माणसालाही इनर लाइन परमिट (सीमाभागात जायचा सरकारी परवाना) लागतं. उत्तराखंडातल्या पिथौरागढ जिल्ह्यात, धारचुल्याचे उपजिलाधिकारी (आपल्याकडचे प्रांत म्हणा) ते देतात. अर्ज ऑनलाइन भरता येतो. पोलीस पडताळणीचा दाखला मात्र मी पुण्याहूनच काढून नेला होता आणि त्याचा फार उपयोग झाला.

१९६० साली अल्मोड्यातून वेगळा झालेला हा जिल्हा उत्तरेला तिबेटला आणि पूर्वेला नेपाळला भिडतो. पिथौरागढ शहरापासून धारचुला सुमारे ९० किलोमीटर, तेही घाटाचे. काली नदीच्या पलीकडे नेपाळचं दार्चुला, मध्ये झुलता पूल. इथे मोबाइल नेपाळचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे उडी मारतं. कार्यालयाची वेळ पाहताना हे लक्षात ठेवा.

परमिटसाठी सरकारी दवाखान्यात होणाऱ्या तपासणीला लोक उगाच नाकं मुरडतात. डॉक्टरांनी रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहिला, दम्याबद्दल खोदून विचारलं. धारचुला हजार मीटरच्याही खाली आहे, तर वाटेतलं गुंजी गाव तीन हजारांच्या वर. पूर्वी यात्रेकरू ही चढण कित्येक दिवस पायी चढत, तेवढ्यात शरीर विरळ हवेला सरावायचं. २०२० मध्ये तिबेटच्या सीमेवरच्या लिपुलेख खिंडीकडचा रस्ता झाल्यापासून गाडी त्याच दिवशी गुंजीला पोचवते. “गुंजीत मुक्काम केल्याशिवाय जोलिंगकोंगला (आदी कैलासच्या पायथ्याला) जाऊ नका,” असं डॉक्टरांनी बजावलं. आम्ही ते पाळलं, आणि बरंच झालं.

तहसिलीत माझ्यापुढे कुटी गावच्या एक ताई जमिनीच्या कागदांसाठी उभ्या होत्या. कुटी, नाबी, गुंजी, गर्ब्यांग ही व्यास खोऱ्यातली रं समाजाची गावं. थंडीत बर्फ पडू लागलं की बहुतेक कुटुंबं धारचुल्याला उतरतात आणि उन्हाळ्यात परत वर जातात. त्यामुळे सरकारी कामं उरकायला त्यांना मोजकेच महिने मिळतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान जोलिंगकोंगजवळच्या पार्वती कुंड या तळ्याला येऊन गेले, तेव्हापासून पर्यटक खूप वाढलेत. आपला एक फोटो कमी पडला, दाखल्यावर सही राहिली, की तिथल्या कारकुनाचा वेळ जातो आणि ताईंसारखी माणसं ताटकळतात. म्हणून कळकळीने सांगतो, कागद घरूनच पुरे करून न्या. पावसाळ्यात जायचा बेत आखू नका. दरडी कोसळून धारचुल्याहून वर जाणारा तवाघाटचा रस्ता बंद पडतो आणि परमिट हातात असूनही अडकायला होतं.

छियालेखला परमिट आणि ओळखपत्र तपासतात. छापील प्रती दोन-तीन ठेवा. वर नेटवर्कचा भरवसा नाही, त्यामुळे मोबाइलमधली प्रत ऐन वेळी उघडेलच असं नाही.