तुम्ही विचारलंत म्हणून: फुगा दिसतो, तर फुटणार कधी?

टेक शेअर काही महिने सलग चढले की प्रश्न येतोच: "हा बबल, म्हणजे भावांचा फुगा, आहे ना? मग फुटणार कधी?" मी "माहीत नाही" म्हटलं की हा टाळतोय, असं वाटतं. टाळत नाही. हे प्रश्न दोन आहेत, आणि पहिल्याचं उत्तर अगदी पक्कं असलं तरी दुसऱ्याला हात लागत नाही.

पाम आणि थ्रीकॉमचं उदाहरण घ्या. खिशात मावणारे छोटे संगणक बनवणारी पाम ही थ्रीकॉमची उपकंपनी. 2 मार्च 2000 रोजी थ्रीकॉमने पामचे जेमतेम 5 टक्के शेअर बाजारात आणले, 38 डॉलरला. उरलेले काही महिन्यांत स्वतःच्याच भागधारकांना वाटणार, हेही जाहीर होतं: थ्रीकॉमच्या एका शेअरमागे पामचे साधारण दीड. पहिल्याच दिवशी पाम 95.06 डॉलरला बंद झाला. दीडपट केलीत तर 142 डॉलरच्या वर. म्हणजे थ्रीकॉमचा शेअर निदान तेवढा तरी हवा. तो बंद झाला 81.81 ला, आणि तोही त्या दिवशी पडून! थ्रीकॉमचा बाकीचा धंदा बाजाराने शेअरमागे उणे 60 डॉलर धरला होता. कंपनीकडे रोकडच शेअरमागे सुमारे 10 डॉलर होती.

इथे मतभेदाला जागाच नव्हती. भविष्यातला नफा, नवं तंत्रज्ञान, कशाचाही अंदाज बांधायचा नव्हता; गुणाकार येत असला की पुरे.

मग लोकांनी थ्रीकॉम घेऊन पाम शॉर्ट का केला नाही? शॉर्ट करणं म्हणजे शेअर उसना घेऊन विकायचा आणि भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचा; त्यासाठी तो आधी उसना मिळावा लागतो. बाजारात होते 5 टक्के, त्यातले बरेच अशांच्या हातात जे उसने देतच नव्हते. जे मिळत त्यांचं भाडं भारी. वर देणारा मधेच परत मागू शकतो. आणि भाव आणखी चढला तर ब्रोकर मार्जिन, म्हणजे तारण म्हणून आणखी पैसे, मागतो, ते भरलं नाही तर तोट्यात सौदा कापतो. हिशोब बरोबर असूनही माणूस आडवा. वाटपाला करखात्याची मंजुरी मिळणार हे मे महिन्यात कळलं, तोवर उसन्या शेअरची संख्याही वाढत गेली होती, तेव्हा कुठे ती तफावत मिटली.

आता सांगा, जिथे चूक गुणाकाराने सिद्ध होते तिथे दोन महिने गेले. जिथे ती "दहा वर्षांनी किती कमावेल" यावर ठरते, तिथे मी तारीख कुठून आणू?

पूर्वी मी सरळ "बाहेर पडा" म्हणायचो. त्या उत्तराची बाजू आजही मांडता येते. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी बाजारातल्या अतार्किक उत्साहाबद्दल सूचक प्रश्न केला तो डिसेंबर 1996 मध्ये. टेक शेअरचा भरणा असलेला अमेरिकी निर्देशांक नॅसडॅक तेव्हा 1300 च्या आसपास होता. ऑक्टोबर 2002 मध्ये तो 1114 वर आला, म्हणजे त्या दिवशी बाहेर पडलेला शेवटी चुकला नाही. पण मधे 10 मार्च 2000 ला तोच निर्देशांक 5048 वर बंद झाला होता. सव्वातीन वर्षं शेजारीपाजारी श्रीमंत होताना बघत गप्प बसणं, हे किती जणांना जमतं? बहुतेक जण 1996 ला बाहेर पडून 1999 ला परत आत येतात. सगळ्यात वाईट मार तोच खातो.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मला छळते. ॲमेझॉन 1999 च्या शिखरावरून 2001 पर्यंत नव्वद टक्क्यांहून जास्त पडला. बबल होता म्हणणारे बरोबर. धंदा खरा आहे म्हणणारेही बरोबर. नॅसडॅकला मात्र जुनं शिखर ओलांडायला एप्रिल 2015 उजाडला.

यानंतर तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आत्ता विकू का?" त्या पैशांची गरज कधी पडणार आहे, हे तुम्ही अजून एकदाही सांगितलेलं नाही.