दुसऱ्या माणसाला आधी सांगा

कॅनडात आल्यावर थंडीचे बूट घ्यायच्या आधी मी कामाचे बूट घेतले. पुढे बोटांवर पोलादी टोपी, बाजूला छोटा हिरवा त्रिकोण. तळव्यातून खिळा आत घुसणार नाही याची ती खूण. ती नसेल तर आमच्या गोदामात दारातूनच घरी पाठवतात, आणि त्या दिवसाचा पगार बुडतो. ब्रॅम्प्टनमधलं हे गोदाम. पाळीत बहुतेक पंजाबी, गुजराती विद्यार्थी. मराठी मी एकटी. आम्हाला पाठवणारी एजन्सी वेगळी, काम करून घेणारी कंपनी वेगळी. कायद्याने आमच्या सुरक्षेची जबाबदारी मात्र दोघांचीही.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटरवर सुरक्षेचं प्रशिक्षण असतं. आमच्या ओंटारिओ प्रांतात 2014 पासून ते प्रत्येक कामगाराला सक्तीचं आहे. त्यात तीन हक्क सांगतात: धोक्याची माहिती मिळण्याचा, सुरक्षेच्या कामात सहभागी होण्याचा आणि धोकादायक काम नाकारण्याचा. मी 'पुढे, पुढे' दाबत सर्टिफिकेट मिळवलं. लक्षात राहिली ती फक्त कामगाराच्या जबाबदाऱ्यांतली एक गंमत. दिलेली साधनं वापरायची, बिघाड दिसला की कळवायचं, हे ठीकच. पण इथल्या कायद्यात कामाच्या जागी थट्टामस्करी, पैजा, ताकदीचं प्रदर्शन आणि विनाकारण पळापळ यांनाही चक्क मनाई लिहिली आहे! आमच्या भोसरीच्या पोरांनी दुपारच्या सुट्टीआधीच कायदा मोडला असता.

मागच्या नोव्हेंबरात वरच्या रॅकवर एक खोका अडकला. उंचावरून माल काढायचं मशीन बंद होतं. सुपरवायझर माझ्या पुढच्या पोराला म्हणाला, फोर्कलिफ्टवर रिकामं पॅलेट (मालाखाली ठेवतात ती लाकडी चौकट) ठेवतो, त्यावर उभा राहा, वर उचलतो, दोन मिनिटांचं काम आहे. कठडा नाही, पट्टा नाही. पोरगा जालंधरचा, जेमतेम वीस वर्षांचा. तो हळूच म्हणाला, "मला हे सेफ वाटत नाही. मी करणार नाही."

मला आधी त्याचाच राग आला. वाटलं, उगाच वाढवतोय, आता सगळ्यांची शिफ्ट लांबणार.

सुपरवायझरने नियमाप्रमाणे कामगारांच्या प्रतिनिधीला बोलावलं. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे सुरक्षा समिती लागते आणि तिच्यात निदान निम्मे लोक कामगारांचे असतात. आमचे प्रतिनिधी म्हणजे एक पोर्तुगीज काका, एरवी कायम हवामानावर बोलणारे. दोघांनी रॅक पाहिला. सुपरवायझर म्हणाला, काही धोका नाही. पोरगा तरीही हलेना. मग कामगार मंत्रालयाला फोन गेला आणि निरीक्षक यायची वाट सुरू झाली.

मालाचा ट्रक बाहेर उभा. सुपरवायझर माझ्याकडे वळला. "तू चढतेस?"

मी हो म्हणणारच होते. खोटं कशाला बोलू, एक पाय उचललाही होता. तेवढ्यात काका मध्ये आले. म्हणाले, "आधी तिला सांग. माझ्यासमोर सांग."

हे मी 'पुढे, पुढे' दाबताना हुकवलेलं कलम. एकाने काम नाकारलं आणि निरीक्षकाचा निर्णय व्हायचा असेल, तर तेच काम दुसऱ्याला परस्पर देता येत नाही. कामगार प्रतिनिधीच्या देखत त्या दुसऱ्याला सांगावं लागतं की आधीच्याने नकार दिलाय आणि अमुक कारणाने दिलाय. सुपरवायझरने घसा खाकरून सांगितलं: "त्याचं म्हणणं, तोल गेला तर धरायला काही नाही." मोठ्याने ऐकल्यावर मला ते पॅलेट पहिल्यांदा दिसलं. मीही नाही म्हटलं.

दोन तासांनी निरीक्षक आली. तिने निर्णय लेखी दिला: कठड्याचा, नीट बसवलेला प्लॅटफॉर्म नसेल तर माणसाला फोर्कलिफ्टवर उचलायचं नाही. खोका दुसऱ्या दिवशी निघाला. आत बाथरूमचे पायपोस होते.

हा कायदा आला कुठून, ते नंतर मी वाचत बसले. उत्तर ओंटारिओत एलियट लेकला युरेनियमच्या खाणी होत्या. कर्करोगाचा धोका किती आहे हे सरकारला ठाऊक होतं. खाणकामगारांना ते कळलं फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या परिषदेत सरकारतर्फे वाचलेल्या निबंधातून. 1974 साली त्यांनी काम बंद केलं. मग जेम्स हॅम यांचा आयोग नेमला गेला, 1976 मध्ये अहवाल आला आणि 1979 पासून हा कायदा लागू झाला. माहितीचा हक्क यादीत पहिला का, ते तेव्हा कळलं.

आता कोणी म्हणेल, वा, काय देश आहे. थांबा. नकार दिल्याबद्दल कामावरून काढणं, धमकावणं, पगार कापणं बेकायदा आहे. पण त्या पोराला एजन्सीकडून येणारे शिफ्टचे मेसेज तीन आठवड्यांत कमी होत होत बंद झाले. काढलं कोणीच नाही. काम कमी आहे, एवढंच उत्तर. तक्रार करायला लेबर बोर्ड आहे, काकांनी त्याला फॉर्मही दाखवला. तो म्हणाला, सेमिस्टरची फी आधी भरू दे.

रविवारी बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. बाबा भोसरीच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, म्हणजे डायच्या साच्यात पत्रा दाबून आकार देतात तिथे होते, तीस वर्षं. चार मार्चच्या सुरक्षा दिनाला छातीवर बिल्ला लावून यायचे, तो मी दप्तराला लावायचे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एकदा मला नाइटला दुसऱ्या प्रेसवर बसवलं होतं. डायवर ओलं होतं. मला वाटलं, ऑइल असेल. पहाटे चहाला कळलं, आधीच्या पाळीतल्याची दोन बोटं गेली होती."

मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"चहा प्यायलो," बाबा म्हणाले. "पाळी संपायला दोन तास होते."