श्लाडमिंगच्या डोंगरात: निकेल-कोबाल्टच्या जुन्या शिरा बघायला जाणाऱ्यांसाठी

ऑस्ट्रियात श्लाडमिंग म्हटलं की लोकांना स्कीइंग आठवतं. उन्हाळ्यात जाणारे डाखश्टाइनची केबल कार करून परततात. गावाच्या दक्षिणेला मात्र श्लाडमिंगर टाउअर्न ही डोंगररांग आहे आणि तिच्यात युरोपातल्या निकेलच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा तुकडा दडला आहे. ऑगस्टमध्ये आम्ही तो बघून आलो. मराठीत यावर फारसं काही सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साल्झबुर्गहून रेल्वेने श्लाडमिंगला साधारण दीड तासात पोचता येतं. गाव ७४५ मीटरवर आहे आणि खाणी आहेत थेट २२०० मीटरच्या वर, त्यामुळे एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नका. आमचा मार्ग असा होता: बसने उर्श्प्रुंगआल्म, तिथून गिगलाख तळ्यांकाठच्या इग्नात्स मॅटिस हटपर्यंत (हट म्हणजे ट्रेकर्सच्या मुक्कामाचं डोंगरातलं घर) चढण, मग रोटमांड्लश्पित्झचा माथा (२४५३ मीटर) ओलांडून काइनप्रेख्त हटवर (१८७२ मीटर) मुक्काम. दुसऱ्या दिवशी त्सिंकवांड शिखरातल्या खाणी आणि मग ओबरटाल खोऱ्यातून खाली. उलट दिशेनेही जाता येतं, पण मग चढ जास्त पडतो. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला ही वाट अवघड नाही. दमवते ती उंची आणि माथ्यानंतरचा घसारा. घोट्याच्या वर येणारे बूट घाला आणि काठी असू द्या.

तळ्यांपर्यंत बरीच गर्दी असते. रोटमांड्लच्या चढाला लागलं की माणसं विरळ होतात आणि दगड बोलायला लागतो. डोंगराचं मूळ अंग नाइस आणि शिस्ट या करड्या, पट्टेदार खडकांचं आहे, पण मधूनच गंजलेले, तांबूस-तपकिरी पट्टे दिसतात. इथले खाणवाले अशा पट्ट्यांना 'ब्रांडन' म्हणत. लोह आणि गंधकाची खनिजं भरलेला हा थर हवा-पाणी लागून गंजतो, म्हणून दुरूनही ओळखता येतो. आमच्यातला एक मित्र भूशास्त्र शिकलेला. त्याने इथे थांबवून जे समजावलं, ते कळल्याशिवाय पुढची खाण म्हणजे नुसती डोंगरातली भोकं वाटली असती.

डोंगर घडत असताना खोलवरून गरम, खारं पाणी भेगांमधून वर आलं. त्यात धातू विरघळलेले होते. भेगा कार्बोनेट आणि क्वार्ट्झ या खनिजांनी भरत गेल्या, त्या झाल्या शिरा. पण शीर आहे म्हणून धातू आहे असं इथे होत नाही. निकेल-कोबाल्टचं धातुक (ज्यातून धातू काढतात तो दगड) साठलं ते मुख्यतः शिरेने ब्रांडनचा पट्टा जिथे छेदला तिथेच. त्या छेदावर पाण्याची रासायनिक अवस्था बदलली आणि निकेल, कोबाल्ट, आर्सेनिक, बिस्मथ एकत्र खाली बसले. दोन पावलं पुढे तीच शीर रिकामी. त्यामुळे खाणवाल्याचं सगळं कसब एकाच प्रश्नावर होतं: पुढचा छेद कुठे असेल? कड्यावरची बोगद्यांची तोंडं विस्कळीत का आहेत, हेही त्यावरून उमगतं. प्रत्येक तोंडामागे कुणाचा तरी अंदाज आहे.

काइनप्रेख्त हट ही अल्पाइन क्लबची. जागा आधी आरक्षित करा, रोख पैसे ठेवा आणि झोपायचं पातळ अस्तर (स्लीपिंग लायनर) न्या, त्याशिवाय हटवर झोपू देत नाहीत. शाकाहाऱ्यांचं अडत नाही. चीज घातलेल्या चपट्या क्न्योडलचं (पावाच्या गोळ्यांचं) सूप आणि कायझरश्मार्न हा गोड पॅनकेक यांवर आमची दोन्ही वेळची जेवणं मजेत झाली. महत्त्वाचं काम म्हणजे त्सिंकवांडच्या बोगद्याची स्थिती हटवाल्यांना रात्रीच विचारून ठेवणं. बर्फ साचलाय का, दोर शाबूत आहेत का, हे त्यांनाच ठाऊक असतं. ते नको म्हणाले तर जाऊ नका.

त्सिंकवांड (२४४२ मीटर) स्टायरिया आणि साल्झबुर्ग या दोन प्रांतांच्या सीमेवर उभा आहे. त्याच्या पोटातून जुन्या खाणीचाच एक बोगदा कड्याच्या एका अंगाने आत शिरून दुसऱ्या अंगाला निघतो आणि अनुभवी ट्रेकरना त्यातून जाता येतं. हेल्मेट आणि हेडलॅम्प हवाच, मोबाइलच्या टॉर्चवर भागवू नका, कारण दोर धरायला दोन्ही हात मोकळे लागतात. बाहेर कितीही ऊन असो, आत जॅकेट लागतं. वाट ओली आणि निसरडी आहे, छत काही ठिकाणी इतकं खाली येतं की कमरेत वाकून जावं लागतं. मुख्य वाट सोडून बाजूच्या फाट्यांत शिरू नका. तिथे खाली कोरलेल्या उभ्या विहिरी असू शकतात आणि जुन्या लाकडी आधारांवर भरवसा ठेवण्यासारखं काही उरलेलं नाही. लहान मुलं बरोबर असतील तर तोंडापर्यंत जाऊन परत या.

मला सर्वात जास्त वेळ लागला तो बोगद्याबाहेर, खाणीतून काढून टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यापाशी. वरवर बघता तपकिरी राडा. खाली बसून नीट पाहिलं की रंग दिसू लागतात. हातात मावेल एवढा एक दगड उचलला तर आकाराच्या मानाने चांगलाच जड लागला. एका बाजूला गंजलेलं कार्बोनेट, मध्ये पोलादी करड्या धातुकाची बोटभर पट्टी, तिच्या एका कडेला फिक्या हिरव्या रंगाची भुकटी आणि दुसऱ्या कडेला कण्हेरीच्या फुलासारखा गुलाबी लेप. हिरवं म्हणजे ॲनाबर्गाइट, निकेल असल्याची खूण. गुलाबी म्हणजे एरिथ्राइट, कोबाल्टची खूण. दोन्ही आर्सेनिकची संयुगं, मूळ धातुक हवेत कुजून झालेली. करडी पट्टी बहुधा गर्सडॉर्फाइटची: निकेल, आर्सेनिक आणि गंधक. या खनिजाला नाव मिळालं ते इथल्याच खाणीचे मालक योहान रुडॉल्फ फॉन गर्सडॉर्फ यांच्यावरून.

या एका दगडात खाणीची सगळी कहाणी आहे. श्लाडमिंगचे खाणवाले आधी चांदी आणि तांब्यामागे होते. १४०८ सालचा इथला खाणकायदा आल्प्समधल्या इतर खाणगावांनी नमुना म्हणून वापरला, एवढा या गावाचा दबदबा होता. त्यांच्या लेखी निकेल-कोबाल्टचा दगड म्हणजे भट्टीत विषारी धूर सोडणारी कटकट. अठराव्या शतकात काच आणि चिनीमातीला निळा रंग देण्यासाठी कोबाल्टला भाव आला, तेव्हा तोच दगड हवासा झाला आणि निळा रंग काढून उरलेला निकेलयुक्त गाळ टाकाऊ ठरला. मग १८२०च्या दशकात गर्सडॉर्फसारख्यांनी अशा गाळातून निकेल काढायला सुरुवात केली आणि तांबं-जस्तात मिसळून पांढरा, चांदीसारखा धातू बनवला. आपल्याकडे आजही दागिन्यांच्या दुकानांत मिळणारं जर्मन सिल्व्हर ते हेच, ज्यात चांदी नावालाही नसते. पुढे पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर निकेलचे प्रचंड साठे सापडले आणि १८७०च्या दशकानंतर आल्प्समधल्या असल्या खाणी टिकणं कठीण झालं.

आता पुन्हा पारडं फिरलंय. युरोपीय संघाच्या २०२३ च्या यादीतल्या ३४ कळीच्या कच्च्या मालांत कोबाल्ट, बॅटरीच्या दर्जाचं निकेल, बिस्मथ, अँटिमनी आणि चक्क आर्सेनिकही आहे. भारताने त्याच वर्षी काढलेल्या ३० कळीच्या खनिजांच्या यादीत यांपैकी आर्सेनिक सोडून बाकी सगळी आहेत. म्हणजे शतकानुशतकं ज्याच्यावर थुंकले तो सोमलसुद्धा (म्हणजे आर्सेनिक) आता सेमीकंडक्टरसाठी मोलाचा झाला. दगड तोच, शीर तीच. 'टाकाऊ' आणि 'कळीचं' हे शिक्के माणसाच्या गरजेने मारलेले आहेत, हे त्या ढिगाऱ्यापाशी जितकं लख्ख कळतं तितकं कुठलाही अहवाल वाचून कळणार नाही. म्हणून मला वाटतं, इथे यावं.

याचा अर्थ उद्या इथे खाण सुरू होईल असा काढू नका. धातुक छेदांपुरतं, तुकड्यातुकड्यांत, तेही अशा उंचीवर. जगाचं कोबाल्ट आज मुख्यतः काँगोतून येतं आणि निकेलचा अर्ध्याहून जास्त पुरवठा इंडोनेशियातून. त्या प्रमाणाशी त्सिंकवांडची बरोबरी होणार नाही. इथल्या शिरांचं मोल अभ्यासासाठी आहे: धातू कुठे आणि का साठतो हे उघड्या कातळावर वाचता येतं.

दगड हाताळलात तर खाण्याआधी हात साबणाने नक्की धुवा. ढिगाऱ्याखालून येणारं पाणी पिऊ नका, बाटल्या हटवरच भरून घ्या. हातोडी घेऊन जाऊ नका. खनिजं गोळा करायला जमीनमालकाची परवानगी लागते, आणि फोटोत हे रंग छान येतात. दगड जरा ओला करून तिरप्या उन्हात धरा.

जाण्याचा काळ जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. त्याआधी उत्तरेच्या उतारांवर बर्फ असतो. दुपारनंतर वीज-पाऊस नेहमीचाच, तेव्हा सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत उघड्या धारेवरून खाली या. डोंगरातल्या बचावपथकाचा क्रमांक १४०, सर्वसाधारण आणीबाणीसाठी ११२.

उतरताना ओबरटालमध्ये होप्फ्रीझनला निकेल संग्रहालय आहे, जुन्या भट्टीच्या जागी. वरून दगड बघून आल्यावर ते बघणं जास्त अर्थपूर्ण. उघडण्याच्या वेळा मर्यादित असतात, श्लाडमिंगच्या पर्यटन कार्यालयात आधी विचारा. त्याच खोऱ्यातल्या ब्रोमरीझन चांदीच्या बोगद्याचीही चौकशी तिथेच करा. गावातलं ब्रुडरलाडनहाउस चुकवू नका. म्हाताऱ्या आणि आजारी खाणकामगारांसाठी १६६१ मध्ये बांधलेलं हे घर आता शहराचं संग्रहालय आहे. १५२५ च्या शेतकरी-खाणकामगार उठावानंतर हे गाव जाळून टाकलं गेलं आणि त्याचा शहराचा दर्जा काढून घेतला गेला. तो परत मिळायला १९२५ उजाडलं.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे किंवा गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी बसने ओबरटालला जाऊन संग्रहालय आणि मग गावातलं ब्रुडरलाडनहाउस एवढंच करावं. मुक्कामाच्या हॉटेलमध्ये उन्हाळी कार्ड मिळतं का ते विचारा, खोऱ्यातल्या बसचा खर्च त्यात वाचू शकतो. आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच थांब्यावर बघून ठेवा. ती लवकर सुटते.