मुलासाठी आयरिश नाव, आमचं कुठवर आलंय

आम्ही डब्लिनमध्ये राहतो, बाळ इथेच वाढणार, म्हणून मुलगा झाला तर नाव आयरिश ठेवायचं हे पक्कं आहे, आणि मला ही नावं मनापासून आवडतात. स्पेलिंगवरून उच्चार ठरवू नका मात्र, टी ए डी एच जी लिहितात आणि म्हणायचं टायग! सी नेहमी क, म्हणून सिलियन नाही, किलियन.

माझं मन ओशीनवर आहे. आयरिश दंतकथांमधला वीर फिन मॅक कूल, त्याचा हा मुलगा, आई शापाने हरीण झालेली, मग हा नीव्ह नावाच्या परीबरोबर पांढऱ्या घोड्यावरून तीर ना नोगला जातो, जिथे कोणी म्हातारंच होत नाही, आणि परत येतो तर इकडे 300 वर्षं उलटलेली. काय कथा आहे! फक्त या नावाच्या स्पेलिंगमधल्या आयवरची तिरकी रेघ, फादा, फॉर्म भरताना सोडायची नाही, तिच्यामुळेच ई दीर्घ होते.

नवऱ्याला रीअन हवंय, म्हणजे छोटा राजा, आपल्या जिभेला सोपं आहे हे खरंय. इथेही पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची जुनी पद्धत होती, अगदी आपल्याकडच्यासारखी, त्यामुळे दुसरं नाव सासऱ्यांचं, यावर दोघांचं एकमत झालंय.