सबैन की तिसैन

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली की शाळेच्या सुट्टीचा निरोप कधीही येऊ शकतो, हे कोल्हापुरात कोणाला सांगावे लागत नाही. गेल्या जुलैत तो पहाटे आला आणि त्याच दुपारी संशोधन सल्लागार समितीपुढे माझे पीएचडीचे सहामाही सादरीकरण ऑनलाइन होते. घरात मी आणि माझी सात वर्षांची मुलगी, एवढेच आहोत.

माझा विषय अठराव्या शतकातील करवीर राज्याचे महसुली कागद हा आहे. मोडी येते म्हणजे कागद वाचता येतो, असा समज प्राध्यापकांतही आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे असते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि एक वळण डोळ्यांत बसायला अर्धा-पाऊण तास जातो. मध्येच उठावे लागले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्या दिवशीचा कागद सनापाशी अडला होता. शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली वर्षगणना, अरबी संख्याशब्दांत, एककापासून लिहितात. ‘सीत’ म्हणजे सहा आणि ‘मया व अलफ’ म्हणजे अकराशे हे स्पष्ट होते. पण मधला दशकाचा शब्द कसरीने खाल्ला होता आणि शेवटचा ‘न’ व आधीच्या मात्रांचा अंश तेवढा उरला होता. कागदातील इतर नावांवरून बाकीची दशके बाद झाली होती. सबैन (सत्तर) धरले तर सन ११७६, म्हणजे इसवी सन १७७५. तिसैन (नव्वद) धरले तर सन ११९६, म्हणजे १७९५. दोन्ही वर्षे दुसऱ्या शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत (१७६२–१८१३) पडतात, त्यामुळे छत्रपतींच्या नावावरूनही निकाल लागत नव्हता.

महिना मात्र शाबूत होता, जमादिलावल (शुहूर सनाबरोबर महिने हिजरीच लिहितात), आणि मजकुरात भाताची लावणी चालू असल्याचा उल्लेख होता. हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने त्याचे महिने ऋतूंमधून सरकत जातात. जंत्रीप्रमाणे १७७५ मध्ये जमादिलावल जुलैत येतो, १७९५ मध्ये थेट नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि तेव्हा इकडे लावणी कोणी करीत नाही. सबैनच.

ही अर्ध्या तासाची पडताळणी सकाळी सुरू होऊन जेवणवेळेला संपली. मध्ये दूध उतू गेले, वीज दोनदा गेली, खालच्या काकू भाजीची चौकशी करून गेल्या आणि ‘बाबा, पाणी आपल्या गल्लीत येणार का?’ या प्रश्नाला दर वेळी गॅलरीत जाऊन उत्तर द्यावे लागले. मुलगी घाबरली होती. तिला बसल्या जागेवरूनच ‘नाही’ म्हणून भागण्यासारखे नव्हते.

सादरीकरणात एका सदस्यांनी विचारले, ‘एका तारखेसाठी एवढा खल? वेळेचे नियोजन करा.’ दुसऱ्यांनी सहानुभूतीने बालसंगोपन रजा सुचवली. पीएचडीच्या २०२२ च्या नियमांत २४० दिवसांची ती तरतूद आहे, पण स्त्री संशोधकांसाठी. ती हवीच होती. एकटा बाप मात्र नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आलेला दिसत नाही. मार्गदर्शक बाईंनी माझी बाजू मांडली, तरी शेरा पडला तो ‘प्रगती समाधानकारक, गती वाढवावी’ असाच.

पुढच्या सहामाहीच्या तक्त्यात रोजच्या अभ्यासाच्या तासांचा रकाना आहे. मी त्यात चार लिहिले आहेत आणि ते खरे आहेत. ते सलग नसतात हे लिहायला तिथे जागा नाही, म्हणून तक्त्याला वेगळे पत्र जोडतो आहे.