किळिमानूर: जिथे आजोळ हेच घर होतं

आमच्या आजीच्या देवघरात चित्रकार राजा रविवर्मांच्या मळवलीच्या छापखान्यातली लक्ष्मी होती. कमळावर उभी, बाजूला माळ घेतलेला हत्ती. लहानपणापासून तिच्यापुढे हात जोडले, त्यामुळे तिरुवनंतपुरमला गेल्यावर रविवर्मांचं जन्मगाव किळिमानूर चुकवणं शक्यच नव्हतं. तंपानूरच्या स्टँडवरून बस पकडली. साधारण चाळीस किलोमीटर, दुतर्फा रबराची झाडं. नावात ‘किळी’ म्हणजे पोपट आणि ‘मान’ म्हणजे हरीण, असं लोक सांगतात.

त्यांच्या इथल्या घराला राजवाडा म्हणतात, पण मला तो आपल्या कोकणातल्या मोठ्या चौसोपी वाड्यासारखा वाटला. उतरती कौलं, लाकडी खांब, गारवा. राजा रविवर्मा इथे 29 एप्रिल 1848 रोजी जन्मले आणि इथेच वाढले. हे त्यांच्या आईचं घर. मातृवंशाची रीत, त्यामुळे वडील नीलकंठन भट्टतिरिपाद, संस्कृतचे मोठे पंडित, तरी मुलं आईच्या घरची. आपण सुट्टीपुरते आजोळी जातो, रवीचं अख्खं बालपणच आजोळी गेलं. आई उमाअंबा कविता करायची. मोठा मामा राजराजवर्मा तंजावर पद्धतीची चित्रं काढायचा.

भिंतींसमोर मी बराच वेळ रेंगाळले. चुन्याच्या अशाच पांढऱ्या भिंतींवर पोराने कोळशाने जनावरं, माणसं काढून ठेवली होती, अशी गोष्ट सांगतात. रंगवलेल्या भिंतीपायी आपल्याकडे किती पोरांनी पाठीत धपाटे खाल्ले असतील! या मामाने त्या रेघोट्यांत हात ओळखला आणि भाच्याला स्वतः शिकवायला बसवलं. मला हा मामा फार मोठा वाटतो. स्वतः चित्रकार असूनही घरातलं पोर आपल्या पुढे जाणार, हे त्याने आनंदाने पाहिलं.

याच घरात धाकटा भाऊ सी. राजराजवर्मा चित्रकार झाला, बहीण मंगलाबाईही चित्रं काढायची. तिचं नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? मला तरी इथे येण्याआधी नव्हतं, आणि त्याची रुखरुख अजून जात नाही.

1862 मध्ये मामा चौदा वर्षांच्या रवीला घेऊन त्रावणकोरच्या आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेला, तिरुवनंतपुरमला. मी एवढ्यात आले तोच रस्ता, उलट्या दिशेने. परतताना बसच्या खिडकीशी बसून मी मामा-भाच्याचाच विचार करत होते. पोराने वाटेत काय काय विचारलं असेल मामाला?