लानायरूच्या माथ्यावर

हातेनो गाव सोडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. अंगात ग्रेट प्लॅटो या पठारावरच्या म्हाताऱ्याने दिलेली उबदार बंडी, शिदोरीत तिखट मिरच्या घालून परतलेलं मांस, पाठीवर धनुष्य. उत्तरेला ढगांच्या वर लानायरू डोंगराचं बर्फाळ टोक दिसत होतं. तिथे जा असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. चार दिवस येता-जाता ते टोक डोळ्यांसमोर होतं, म्हणून निघाले.

हे गाव हायरूलमधलं. म्हणजे निन्टेंडोच्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेममधलं. ३ मार्च २०१७ ला हा गेम आला, मी तिथे बरीच उशिरा पोचले. तरी याला प्रवासवर्णनच म्हणते, कारण तिथल्या वाटा मला अजून पायांनी आठवतात.

सुरुवात ग्रेट प्लॅटोवर झाली होती. गुहेतून बाहेर पडून धावत कड्यापर्यंत गेलं की सगळा मुलूख समोर पसरतो : जंगल, पडका वाडा, धुरकट ज्वालामुखी. माझा भाचा सुट्टीला आला होता, तो शेजारी बसला होता. नकाशा उघडल्यावर त्याचा हिरमोड झाला.

“मावशी, यावर काहीच नाहीये गं. जायचं कुठे?”

“समोर बघ ना. काय दिसतंय?”

“ते दोन डोंगर. मधोमध चिरल्यासारखे.”

“मग चल तिकडेच.”

ते ड्युएलिंग पीक्स. आम्ही खरंच तिकडे गेलो, आणि तिथे पोचेपर्यंत वाटेत तीनदा भरकटलो.

हायरूलमध्ये एकूण १५ मनोरे आहेत. मनोऱ्यावर चढलं की त्या प्रदेशाचे डोंगर, नद्या आणि नावं नकाशावर उमटतात. बस, तेवढंच. खजिना कुठे, देवळं कुठे, याच्या खुणा तो देत नाही. माथ्यावर उभं राहून दुर्बिणीने स्वतः शोधायचं आणि नकाशावर आपल्या हाताने खूण लावायची. १२० देवळं आहेत, आणि जिथे अजून कुणी गेलेलं नाही ती रात्री केशरी दिव्यासारखी लुकलुकतात. ज्या गेममध्ये नकाशा आधीच शेकडो चिन्हांनी भरलेला असतो, तिथे मला वाणसामानाची यादी घेऊन बाजारात आल्यासारखं वाटतं. एक झालं, फुली मारली, पुढचं. इथे यादी माझी मी केली होती, म्हणून तिच्यावर जीव जडला.

असं भटकायला लावण्यामागे मोठा विचार आहे. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी हे क्योटोचे. त्यांनी गेमच्या नकाशावर क्योटोचा नकाशा ठेवून पाहिला. या ठिकाणाहून त्या ठिकाणी चालत जायला किती वेळ लागतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं, त्यावरून त्यांनी अंतरं ठरवली. २०१७ मध्येच जपानमधल्या एका परिषदेत या चमूने आपली त्रिकोणाची पद्धत मांडली : प्रत्येक टेकडी त्रिकोणासारखी. तो समोर आला की चढायचं की वळसा घालायचा, हे आपण ठरवतो. आणि त्याच्या आड काय आहे ते वळसा पूर्ण होईपर्यंत दिसत नाही. हे वाचल्यावर मला ड्युएलिंग पीक्सच्या वाटेवरची आमची तिन्ही भरकटणी आठवली.

लानायरूची चढण अर्ध्यावर आली आणि पाऊस सुरू झाला. हायरूलमध्ये ओल्या कड्यावर हात टिकत नाही. चार हात चढावं आणि घसरून तीन हात खाली यावं. दमाचं हिरवं वर्तुळ संपत आलं की लाल होतं, आणि संपलं की हात सुटतो. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या कातळावर ज्याने पाय ठेवलाय, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. एका कपारीखाली चूल पेटवून बसून राहिले. समोरची दरी धुक्यात गेली, मग पाऊस उघडल्यावर हळूहळू परत आली.

बसल्या जागेवरून दिसलं की बाजूच्या सपाटीवर दगडांचं एक वर्तुळ आहे आणि त्यात एका दगडाची जागा रिकामी आहे. नीट पाहिलं तर थोडं खाली, गवतात, तो दगड पडलेला होता. उतरले, उचलला, जागेवर ठेवला. “याहाहा!” पानाचा मुखवटा घातलेला कोरोक, म्हणजे रानातला एक चिमुकला जीव, टुणकन बाहेर आला आणि त्याने एक सोनेरी बी हातात दिली. अशा ९०० बिया या मुलखात लपवल्या आहेत. हेस्तू नावाच्या थोराड कोरोकला नेऊन दिल्या की तो झोळीचे कप्पे वाढवतो, आणि सगळे कप्पे वाढायला ४४१ पुरतात. निम्म्याहून जास्त बिया कधी सापडल्या नाहीत तरी काही अडत नाही. त्या इतक्या पेरल्या आहेत त्या, माणूस कुठेही थांबला तरी त्याच्या आसपास एखादी असावी म्हणून. मी पावसामुळे थांबले होते. त्या कपारीत कुणीतरी कधीतरी थांबेल, हे माझ्या आधी कुणाच्या तरी मनात येऊन गेलं होतं. बीपेक्षा मला तेच जास्त मोलाचं वाटलं.

माथ्यावर पोचले तेव्हा बोचरी थंडी होती. शिदोरी संपत आलेली. आणि झऱ्याच्या काठी, सगळ्या शिखराला वेटोळं घालून, एक प्रचंड नागिणीसारखा ड्रॅगन पडला होता. नेड्रा. अंगावर काळ्या-जांभळ्या विषाचे थर आणि त्यात फुटलेले डोळे. पहिला बाण लागताच तो कण्हत आकाशात झेपावला. पुढची काही मिनिटं मी हवाई छत्रीवर तरंगत, वाऱ्याच्या झोतावर वर चढत, त्याच्यामागे एकेका डोळ्यावर बाण मारत होते. शेवटचा डोळा फुटला, सगळा मळ गळून पडला आणि आतून निळाशार, झगमगता नेड्रा बाहेर आला.

मग तो सावकाश परत झऱ्यावर आला. त्याच्या अंगावरचा एक खवला मिळवून झऱ्यात अर्पण केला, तेव्हा मूर्तीमागचं दार उघडलं आणि आत देऊळ निघालं. गेमची मुख्य कथा पुरी करायला इथे येण्याची अजिबात गरज नाही. नेड्राला न भेटताही ती संपते.

झेल्डाचे जनक शिगेरू मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबेमध्ये वाढले. तिथे रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि पुढे ते कंदील घेऊन आत शिरले. १९८६ साली आलेल्या पहिल्या झेल्डाच्या मुळाशी ती भटकंती आहे. माथ्यावर उभी असताना मला त्या मुलाची आठवण झाली.

खाली उतरायच्या आधी भाच्याच्या हातात कंट्रोलर दिला. नेड्रा ढगांतून संथ वळत चालला होता. भाचा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याने दुर्बीण लावून समुद्राकडे वळवली.

“मावशी, तिकडे लांब पाण्यात एक बेट आहे.”

“असेल.”

“तिथे काय आहे?”

“मी नाही गेले अजून.”

त्याने बेटावर लाल खूण लावली.